खाणीचा आपत्कालीन आराखडा: सगळ्यांत लांबच्या माणसापासून सुरुवात करा

२५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथं लोहखनिजाच्या खाणीचं गाळाचं धरण, म्हणजे खनिज काढून उरलेला ओला गाळ अडवणारा बांध, फुटलं. धरणाच्या खालच्या अंगाला खाणीचं कार्यालय आणि कॅन्टीन होतं, आणि वेळ जेवणाची होती. २७० माणसं गेली. या खाणीकडे आपत्कालीन आराखडा होता. सायरन बसवलेले होते, बाहेर पडायचे मार्ग ठरलेले होते. त्या दिवशी सायरन वाजलेच नाहीत, आणि जिथं दुपारी सगळ्यांत जास्त माणसं बसतात ती जागाच चिखलाच्या वाटेत होती.

आराखडा लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही गोष्ट सांगतो. बहुतेक आराखडे वरून खाली लिहिले जातात. आधी अधिकाऱ्यांचा तक्ता, मग समित्या, मग फोन नंबर, आणि कुठंतरी परिशिष्टात कामगार. मी उलट्या बाजूनं सुरुवात करतो. आत्ता या क्षणी खाणीत सगळ्यांत लांब, सगळ्यांत अडचणीच्या जागी कोण आहे? वीज गेली, धूर आला, फोन मुका झाला, तर पुढच्या तासाभरात तो काय करेल? बाहेरची मदत कितीही तत्पर असली तरी ती पोचून, तयार होऊन आत शिरेपर्यंत हा तास उलटून गेलेला असतो. त्यामुळे आराखड्याचं खरं काम याच तासात असतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९५ च्या खाण सुरक्षा करारात (क्रमांक १७६) मालकानं प्रत्येक खाणीसाठी त्या खाणीचाच आपत्कालीन आराखडा करावा असं म्हटलं आहे. 'त्या खाणीचाच' यावर जोर द्यायला हवा. शेजारच्या खाणीचा आराखडा घेऊन नाव बदललेलं मी पाहिलंय. एका उघड्या खाणीच्या आराखड्यात पिंजरा, म्हणजे माणसं खाली-वर नेणारी लिफ्ट, अडकला तर काय करायचं याची दोन पानं होती. त्या खाणीला शाफ्टच, म्हणजे लिफ्टची उभी विहीरच, नव्हती.

कशाची भीती आहे ते नेमकं लिहा

'आग', 'पूर', 'स्फोट' असे शब्द लिहून भागत नाही. आग कुठं, कशाला, आणि धूर कुठल्या बाजूला जाईल? भूमिगत खाणीत धूर हवेच्या प्रवाहाबरोबर जातो. म्हणून व्हेंटिलेशनचा नकाशा समोर पसरायचा आणि आग लागू शकेल अशा प्रत्येक जागेवर बोट ठेवून विचारायचं की इथं पेटलं तर पहिला धूर कोणाच्या नाकात जाईल. कन्व्हेअरचा ड्राइव्ह, डिझेल भरायची जागा, ट्रान्सफॉर्मर, वेल्डिंग चालतं तो वर्कशॉप. ताजी हवा आत नेणाऱ्या वाटेवरची आग सगळ्यांत वाईट, कारण तिचा धूर थेट काम करणाऱ्यांकडे जातो.

हे काम टेबलावर होत नाही. पाळीतले ओव्हरमन (पाळीवर देखरेख करणारे), फिटर, पंपवाला यांना बरोबर घेऊन खाण चालायची. कुठला पंप रात्री बंद ठेवला जातो, कुठलं दार दगड लावून उघडं ठेवतात, कुठल्या वाटेवर जुनं लाकूड साठलंय हे त्यांनाच माहीत असतं. काय जळू शकतं याची यादीही तेव्हाच करावी. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किनरॉस सोन्याच्या खाणीत वेल्डिंगच्या वेळी लागलेल्या आगीत भिंतींवरचा पॉलियुरेथेन फोम पेटला आणि त्याच्या विषारी धुरानं १७७ जण गेले. सोन्याच्या खाणीत जळण्यासारखं काय असणार, असं कोणालाही वाटलं असतं.

पाण्याच्या बाबतीत जुने नकाशे हा सगळ्यांत मोठा शत्रू. २७ डिसेंबर १९७५ ला चासनाला कोळसा खाणीत जुन्या कामांत साठलेलं पाणी घुसून ३७५ जण बुडाले. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत नऊ जण अडकले ते शेजारच्या बंद खाणीचा नकाशा चुकीचा असल्यामुळे. नकाशावर जुन्या कामाची हद्द दिसत असेल तर ती कोणी, कधी मोजली आणि त्यानंतर किती काम झालं हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या हद्दीवर विश्वास न ठेवता पुढं भोक पाडून तपासत जायचं. आराखड्यात पाण्यासाठी एक वेगळी गोष्टही लिहावी लागते. आगीत माणूस बाहेर पळतो, पण पाण्यात कित्येकदा बाहेरची वाट खालून जाते आणि आधी तीच बुडते. अशा वेळी वर चढायचं असतं. खाणीतल्या उंच जागा कोणत्या, हे प्रत्येक पाळीला माहीत हवं.

उघड्या खाणीचे धोके वेगळे, आणि ते हलके समजले जातात. उतार खचणं, डंप (टाकाऊ माती-दगडांचा ढीग) घसरणं, सुरुंगाचा मिसफायर (लावलेला सुरुंग न उडणं), पावसात खड्डा भरणं, डंपरची आग. यातल्या डंपरच्या टायरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथं माणसं धाडसापायी मरतात. ब्रेक तापून, आग लागून किंवा वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला हौदा लागून टायर आतून तापतो, रबरातून जळणारे वायू सुटतात आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. बाहेरून ज्वाळा दिसत नसल्या तरी फुटतो, कित्येक तासांनी फुटतो. म्हणून ३०० मीटरच्या आत कोणी जायचं नाही आणि गाडी २४ तास एकटी सोडायची, हा सर्वसाधारण दंडक आहे. हातात एक्स्टिंग्विशर घेऊन धावणाऱ्या माणसाला अडवणं हे तिथल्या फोरमनचं पहिलं काम आहे, हे आराखड्यात स्पष्ट शब्दांत लिहा. तार लागली असेल तर ड्रायव्हरनं केबिनमध्येच थांबायचं. गाडी पेटल्यामुळे उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन एकाच वेळी शिवायची नाही. दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि तसंच छोट्या उड्या मारत लांब जायचं.

माणसं बाहेर कधी काढायची, हे आधी ठरवा

१९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मौरा क्रमांक २ खाणीत कोळसा आतल्या आत तापतोय याच्या खुणा आधीपासून मिळत होत्या. वास, वाढता कार्बन मोनॉक्साइड. तरीही रात्रपाळी आत गेली. ७ ऑगस्टला स्फोट झाला, ११ जण गेले. या खाणीत गॅस मोजला जात होताच. कुठल्या आकड्याला माणसं बाहेर काढायची, हे मात्र आधी ठरलेलं नव्हतं. आकडा थोडा वाढला की 'अजून एक रीडिंग घेऊ' असं म्हणायचा मोह होतो, आणि उत्पादनाचं ओझं खांद्यावर असलेला माणूस तो मोह टाळू शकत नाही.

म्हणून इशारा पातळ्यांचा तक्ता करावा. प्रत्येक धोक्याला तीन पातळ्या पुरतात: नेहमीची, सावध, बाहेर. प्रत्येक पातळीसमोर मोजता येईल अशी खूण, आणि त्या खुणेनंतर कोण काय करणार ते. मिथेन, म्हणजे कोळशातून सुटणारा जळणारा वायू, हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो. बाहेर काढायची पातळी याच्या पुष्कळ खाली असायला हवी, आणि ती तुमच्या देशाच्या कायद्यानं घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा सैल असता कामा नये. उघड्या खाणीत हाच तक्ता उताराच्या हालचालीचा करतात. अमेरिकेत युटामधल्या बिंगहॅम कॅन्यन तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ ला डोंगराएवढी दरड कोसळली. उताराच्या हालचालीवर रडारसह बारीक नजर होती, आकडे चढत गेले तशी माणसं आधीच हलवली. यंत्रं गाडली गेली, माणूस एकही जखमी झाला नाही.

तक्त्याच्या खाली एक ओळ हवीच: 'बाहेर पडा' म्हणायचा अधिकार खाणीतल्या प्रत्येकाला आहे, आणि इशारा खोटा ठरला तरी त्याला कोणी जाब विचारणार नाही. ही ओळ लिहिणं सोपं आहे. पहिला खोटा इशारा येतो आणि दोन तासांचं उत्पादन जातं, त्या दिवशी व्यवस्थापक कसा वागतो हे सगळी पाळी पाहत असते.

आत किती माणसं आहेत?

प्रश्न पोरकट वाटतो. पण मोठ्या अपघातांत पहिले काही तास याच आकड्यावरून गोंधळ उडतो. कंत्राटी कामगार, सर्व्हेअर, कोणाचे तरी पाहुणे, पाळी बदलताना अर्धे आत अर्धे बाहेर. २०१४ मध्ये तुर्कस्तानातल्या सोमा खाणीत आग लागली ती पाळी बदलण्याच्या सुमारास. ३०१ जण गेले.

टोकन किंवा टॅगची पद्धत साधीच चांगली. आत जाताना बोर्डावर टॅग लावायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या हातानं काढायचा. दुसऱ्याचा टॅग काढणं हा गुन्हा समजावा. 'तो मागून येतोय' म्हणून मित्राचा टॅग काढणारे प्रत्येक खाणीत असतात. इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंग असेल तर उत्तमच, पण वीज गेल्यावर त्याचा शेवटचा पडदा कोण वाचणार आणि त्याची छापील प्रत कुठं निघणार, हे ठरलेलं हवं. महिन्यातून एकदा पाळीच्या मध्यावर, न सांगता, बोर्डावरचा आकडा आणि आतली प्रत्यक्ष डोकी मोजून पाहा. पहिल्या वेळी जुळला तर मला नवल वाटेल.

वाट, श्वास आणि मिनिटं

आता त्या सगळ्यांत लांबच्या माणसाकडे येऊ. त्याच्या कमरेला सेल्फ-रेस्क्यूअर आहे, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत तोंडात धरून श्वास घ्यायचा छोटा सेट. कुठला, हे आधी पाहा. फिल्टर प्रकारचा रेस्क्यूअर फक्त कार्बन मोनॉक्साइड अडवतो, ऑक्सिजन देत नाही. हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर तो घालून माणूस शांतपणे कोसळेल. ऑक्सिजन देणारा रेस्क्यूअर बाहेरच्या हवेवर अवलंबून नसतो. त्याच्यावर लिहिलेली ३० किंवा ६० मिनिटं ठरावीक वेगानं श्वास घेतला तर मिळतात. घाबरलेला, धापा टाकणारा, वजनदार माणूस चढावर ती बरीच लवकर संपवतो.

समजा, कामाची जागा सुरक्षित हवेपासून २४०० मीटर आहे. ताशी चार किलोमीटरनं चाललं तर ३६ मिनिटं. साठ मिनिटांचा सेट पुरेसा वाटतो, आणि कागदावरचा हिशोब बहुतेक वेळा इथंच थांबतो. आता धुरात चाला. हात पुढं धरून, पाय चाचपत. वेग तिसऱ्या हिश्शावर आला तर वेळ होते १०८ मिनिटं. सेटमधून प्रत्यक्ष ४० मिनिटं मिळतील असं धरलं तर एका माणसाला तीन सेट लागतील. कमरेचा पहिला, आणि वाटेत दोन ठिकाणी साठा. ४० मिनिटांत धुरातून माणूस नऊशे मीटरही जात नाही. त्यात माणसं गोळा करायला आणि सेट चढवायला लागणारा वेळ धरला तर पहिला साठा सहाशे-साडेसहाशे मीटरवर हवा.

हे आकडे माझ्या उदाहरणातले. तुमचे तुम्हीच काढा, आणि चालून काढा. आम्ही एकदा गॉगलच्या काचांना दुधी प्लास्टिक चिकटवून, प्रशिक्षणाचे सेट तोंडात धरून निघालो होतो. आधाराला भिंतीवरची लाइफलाइन, म्हणजे वाट दाखवणारी दोरी. तिच्यावर शंकू ओवलेले असतात आणि निमुळतं टोक खाणीच्या आतल्या बाजूला असतं. बाहेर जाताना हात त्यांच्यावरून सरकतो, उलट दिशेनं जाल तर अडतो. पहिली दोनशे मीटर ठीक गेलं. मग दोरी अचानक माझ्या हातातून वर गेली. कोणीतरी तिच्यापुढं लाकडाची थप्पी रचली होती आणि अडचण नको म्हणून दोरी उचलून खिळ्याला अडकवली होती. मी थप्पीवर आपटलो, मागचा माझ्यावर. नाकाला चिमटा, तोंडात नळी, त्यामुळे बोलता येत नव्हतं. तोंड उघडून शिवी द्यायची प्रचंड इच्छा झाली, आणि तेव्हा लक्षात आलं की खऱ्या धुरात याच क्षणी मी मेलो असतो. त्या दिवशी आठशे मीटरला ४१ मिनिटं लागली. आराखड्यात त्या टप्प्याला १५ लिहिलेली होती.

यातून तीन गोष्टी शिकलो. लाइफलाइन आठवड्याला हातानं चाचपून तपासायची, बॅटरीच्या उजेडात नुसती पाहून नाही. न बोलता चालणाऱ्या रांगेसाठी खुणा ठरवायच्या: खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि एक सेट काढून दुसरा घालण्याचा सराव अंधारात करायचा, श्वास रोखून, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथं होतात.

दुसरी वाट तर हवीच, आणि ती खरोखर चालता येणारी हवी. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत २०१० मध्ये २९ जण गेले. तिथं दुसरी वाट म्हणून दाखवलेली होती ती हवा बाहेर टाकणारी उभी विहीर आणि तिच्यातली शिडी. म्हणजे आग लागली की धूर जिथून बाहेर पडणार, तिथूनच माणसांनी चढायचं. त्याच वर्षी चिलीच्या सान होसे खाणीत ३३ जण अडकले, तेव्हा व्हेंटिलेशनच्या विहिरीतून वर येता आलं असतं, पण तिथं शिडीच नव्हती. त्यांना वर यायला ६९ दिवस लागले. तुमच्या दुसऱ्या वाटेवरून वर्षातून एकदा तरी प्रत्येक कामगाराला चालवा. त्यात खाणीतला सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत वयस्कर माणूस असू द्या.

बाहेर पडताच येत नसेल तर आसऱ्याची खोली. जानेवारी २००६ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सेगो कोळसा खाणीत स्फोट झाला. मागं राहिलेल्यांनी कापडाचा आडोसा केला आणि छताच्या बोल्टवर हातोडे मारून वर खुणा दिल्या. वरून कोणी उत्तर दिलं नाही. बचाव पथक पोचलं तोवर चाळीस तासांहून जास्त वेळ गेला होता. १२ जण गेले, एक वाचला. त्याच महिन्याच्या शेवटी कॅनडात सस्कॅचेवानमधल्या एका पोटॅश खाणीत आग लागली. तिथं ७२ जण ऑक्सिजन, पाणी, अन्न ठेवलेल्या बंद खोल्यांत बसून राहिले आणि दिवसभरानंतर सगळेच्या सगळे चालत बाहेर आले. दोन्ही खाणी सारख्या नव्हत्या हे खरं, कोळसा खाणीत स्फोटाचा धोका असतो आणि तिथली खोली तो दाब सोसणारी लागते. पण खोली किती तासांची, किती माणसांची, आणि पाळी बदलताना दुप्पट माणसं आत असतील तर काय, हे प्रश्न दोन्हीकडे तेच.

आडोसा आणि खोली दोन्हींसाठी एक नियम पाठ करून घ्या: आधी बाहेर पडायचा प्रयत्न, आसरा नंतर. कामगाराच्या डोक्यात हा क्रम उलटा बसला तर तो वाट मोकळी असतानाही बसून राहील.

पहिली दहा मिनिटं: कंट्रोल रूममधलं कार्ड

रात्री तीन वाजता फोन वाजतो तेव्हा कंट्रोल रूममध्ये एकटा ऑपरेटर असतो. त्याच्यासाठी दीडशे पानांच्या फाइलचा उपयोग शून्य. त्याला एक कार्ड द्या, लॅमिनेट केलेलं, मोठ्या अक्षरांत. आमच्याकडचं साधारण असं होतं:

वेळ लिहा. कोण बोलतंय, कुठून, काय दिसतंय, किती जण बरोबर आहेत ते लिहा. फोन ठेवू देऊ नका.
बाहेर पडायचा इशारा द्या. परवानगी मागू नका.
नवीन कोणालाही आत सोडू नका.
मेन फॅनला हात लावू नका. तो चालू आहे का, एवढंच पाहून लिहा.
रेस्क्यू स्टेशनला फोन. मग मॅनेजरला. मग अँब्युलन्सला. याच क्रमानं.
टॅग बोर्डाजवळ माणूस उभा करा.

दुसऱ्या ओळीवर आमच्यात खूप वाद झाले. 'आधी मॅनेजरला विचारू दे' असा आग्रह होता. मॅनेजर झोपेतून उठून प्रश्न विचारेपर्यंत पाच मिनिटं जातात, आणि आत ती पाच मिनिटं म्हणजे धुरातले शंभरेक मीटर. ओळ तशीच राहिली.

फॅनची, म्हणजे खाणीत हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्याची ओळ का? घाबरून फॅन बंद करणं किंवा हवा उलटी फिरवणं हा पहिला झटका असतो. त्यानं धूर ज्या वाटेनं माणसं येतायत तिकडेच वळू शकतो. शिवाय ज्या भागात मिथेन १५ टक्क्यांच्या वर साचलाय तो सध्या स्फोटक नसतो. ताजी हवा मिसळली की तो पातळ होत होत त्याच स्फोटक पट्ट्यातून जातो. फॅनचा निर्णय फक्त एकाच नेमलेल्या माणसाचा, व्हेंटिलेशनचा नकाशा आणि गॅसचे आकडे समोर ठेवून.

पुढच्या अर्ध्या तासात सूत्रं एका माणसाच्या हाती जायला हवीत. त्यानं खोली सोडून खाणीच्या तोंडाशी जायचं नाही. हे फार अवघड असतं, विशेषतः आतली माणसं ओळखीची असताना. त्याच्या शेजारी एक नोंद ठेवणारा बसवा, ज्याचं दुसरं काहीही काम नाही. प्रत्येक निरोप, प्रत्येक निर्णय, घड्याळाच्या वेळेसह. तीन तासांनी 'हे कोणी सांगितलं होतं?' असा प्रश्न येतोच, आणि तेव्हा कोणालाच आठवत नसतं.

आत कोण जाणार, आणि कधी नाही

बचाव पथक म्हणजे धाडसी माणसांचा घोळका नव्हे. पाच-सहा जणांची शिकलेली तुकडी, बंद सर्किटचं श्वसनयंत्र (बाहेरची हवा न घेता चालणारं), आणि ताज्या हवेच्या शेवटच्या जागेवर, म्हणजे फ्रेश एअर बेसवर, तितकीच तयार दुसरी तुकडी. दुसरी तुकडी आली नसेल तर पहिली आत जात नाही. वर आतल्या माणसांचे भाऊ उभे असताना हा नियम पाळणं किती कठीण जातं, ते ज्यानं पाळलंय त्यालाच कळतं. पण १९९८ मध्ये ऑस्ट्रियातल्या लासिंग इथं एका अडकलेल्या कामगाराला काढायला आत गेलेले दहा जण चिखलाच्या दुसऱ्या लोंढ्यात गेले. तो एक नऊ दिवसांनी जिवंत सापडला. २००७ मध्ये अमेरिकेत क्रँडल कॅन्यनमध्ये सहा जणांना शोधताना तीन बचावकर्ते मेले.

म्हणून आत जायच्या अटी आणि परत फिरायच्या अटी शांत डोक्यानं, अपघात होण्याआधी लिहून ठेवा. मिथेन आणि ऑक्सिजन मिळून मिश्रण स्फोटक पट्ट्याजवळ सरकतंय का, कार्बन मोनॉक्साइड चढतोय की उतरतोय, आग विझल्याचा पुरावा काय. एका नमुन्यावरून ठरवायचं नाही, आलेख काढायचा. नमुने माणूस आत न पाठवता घेता येतील अशा नळ्या आधीच बसवलेल्या असतील तर पहिले तास वाया जात नाहीत.

पण आशा किती दिवस धरायची? १० मार्च १९०६ ला फ्रान्समधल्या कूरियेर खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन १०९९ जण गेले. आत कोणी जिवंत नसेल असं धरलं गेलं होतं. वीस दिवसांनी १३ जण स्वतःच चालत बाहेर आले, आणि त्यानंतर पाच दिवसांनी आणखी एक. आराखड्यात शोध थांबवायची तारीख नसावी, थांबवण्याआधी काय काय तपासलं याची यादी असावी.

आतून वाट बंद झाली तर वरून भोक. क्वेक्रीकला वरून पाडलेल्या भोकातून दाबाची हवा सोडून पाणी रोखून धरलं आणि ७७ तासांनी नऊच्या नऊ जण पोलादी कॅप्सूलमधून वर आले. त्याआधी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरून ६५ जण अडकले होते. तिथं मोठ्या व्यासाचं भोक पाडून घाईघाईनं बनवलेल्या कॅप्सूलमधून खाण अभियंता जसवंत सिंग गिल स्वतः खाली उतरले आणि एकेकाला वर पाठवत राहिले. सगळे ६५ वाचले. इथून आराखड्यात घ्यायची गोष्ट अगदी कोरडी आहे. ड्रिल मशीन कोणाकडे आहे, केवढ्या व्यासाचं भोक पाडतं, वाहून आणायला किती तास लागतील, आणि खालच्या गॅलरीच्या (खाणीतल्या बोगद्याच्या) वरची जमिनीवरची नेमकी जागा ज्या नकाशावरून काढायची तो नकाशा कधीचा आहे. भोक दोन मीटर चुकलं तर ते गॅलरीऐवजी छत पेलायला सोडलेल्या कोळशाच्या खांबात जातं.

कुटुंबांना काय सांगायचं

सेगोला मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर थांबलेल्या नातेवाइकांपर्यंत बातमी पोचली की १२ जण जिवंत आहेत. चर्चच्या घंटा वाजल्या. जवळजवळ तीन तासांनी खरं कळलं. आतल्या पथकाचा मास्कमधून आलेला अर्धवट निरोप चुकीचा ऐकला गेला होता, आणि कंट्रोल रूममध्ये तो ऐकणारी माणसं गरजेपेक्षा जास्त होती.

तेव्हा कंट्रोल रूममधली माणसं मोजकी, फोन बाहेर ठेवलेले. कुटुंबांसाठी वेगळी जागा, पत्रकारांपासून लांब. बोलणारा माणूस एकच, आणि तो ठरलेल्या वेळेला येऊन बोलतो, सांगण्यासारखं काही नसलं तरी. 'अजून नवीन काही नाही, पुढचं सात वाजता सांगतो' हे वाक्य शांतपणे ऐकलं जातं. नुसते दोन तास कोणी फिरकलंच नाही, तर तेवढ्यात दहा अफवा उठतात. मृत्यूची बातमी माइकवरून कधीच द्यायची नाही.

सराव, आणि तोही गैरसोयीच्या वेळी

मौराच्या चौकशीनंतर तिथल्या क्वीन्सलँड राज्यात दरवर्षी एका भूमिगत कोळसा खाणीत पूर्ण प्रमाणावर सराव घेण्याची पद्धत सुरू झाली. बाहेरचे परीक्षक येतात आणि काय फसलं ते इतर खाणींनाही कळतं. तुमच्याकडे असं काही नसलं तरी शेजारच्या खाणीतला एखादा खत्रूड सेफ्टी ऑफिसर बोलावून त्याच्या हातात घड्याळ द्या. आपल्याच माणसाला आपल्या चुका दिसत नाहीत.

सकाळी अकराचा, आधी नोटीस लावून घेतलेला मॉक ड्रिल फोटोंसाठी ठीक असतो. आम्ही पहिल्यांदा रविवारी पहाटे न सांगता घेतला. यादीतला पहिला नंबर निवृत्त झालेल्या गृहस्थांचा निघाला. ते बिचारे उठून, कपडे करून यायला निघाले होते. श्वसनयंत्रांच्या खोलीची किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर गावी. अँब्युलन्सचा ड्रायव्हर वेळेत आला, पण गेटवरच्या नवीन वॉचमननं पास नाही म्हणून त्याला अकरा मिनिटं बाहेर उभं ठेवलं. आराखड्यात वॉचमनचा उल्लेखच नव्हता.

सरावात मुद्दाम खोड्या घाला. मॅनेजरला सांगा की तुम्ही विमानात आहात, फोन लागत नाही. एक वाट बंद करा. एका कामगाराच्या हातात चिठ्ठी द्या: 'तुझा पाय मोडलाय, तू चालू शकत नाहीस.' मग स्ट्रेचर घेऊन चार माणसं, तीही सेट तोंडात धरून, किती मीटर जातात ते मोजा. आमच्या चौघांनी साठ मीटरवर स्ट्रेचर खाली ठेवलं.

सराव संपल्या संपल्या, चहाच्या आधी, सगळ्यांना गोल बसवून बोलतं करा. पहिल्यांदा सगळ्यांत कनिष्ठ माणूस बोलेल, मॅनेजर शेवटी. निघालेल्या प्रत्येक त्रुटीपुढं एक नाव आणि एक तारीख. 'संबंधित विभाग' असं लिहिलं तर ते कोणीच करत नाही. किल्लीचं आमच्याकडे त्याच दिवशी झालं: काच फोडायची पेटी, कंट्रोल रूमच्या भिंतीवर. वॉचमनच्या केबिनमध्ये एक ओळीचं कार्ड लागलं: सायरन वाजला की गेट उघडं, पास नको. फोन यादी तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ऑपरेटर प्रत्येक नंबर प्रत्यक्ष लावून तपासतो. निवृत्त गृहस्थांना अजूनही चुकून एखादा फोन जातो.